पुढच्या सीटवरची शाल

वहिनी, कढीलिंब हवा तेवढा न्या, पण जरा गडग्याला टेका. सिमला-मनाली बुक केलीत म्हणे? सकाळी मासेवाली सांगत होती. तुमच्या घरातली बातमी तिला आधी, मला मागून. असू दे. भाऊंना घराबाहेर काढलंत हेच पुष्कळ झालं. आमची दसऱ्याच्या सुमारास तीच टूर झाली ना, म्हणून म्हटलं, बॅगा भरायच्या आधी चार गोष्टी तुमच्या कानावर घालाव्यात. टूरवाल्यांच्या त्या गुळगुळीत पुस्तकात बर्फ असतो, सफरचंदं असतात, याकवर बसलेलं नवं जोडपं असतं. घाट किती आणि बसमध्ये शेजारी कोण, हे कुठल्याच पानावर नसतं. टूर चांगली होणार की वाईट, ते मात्र या दोन गोष्टींवर ठरतं. माझ्याकडून लिहून घ्या.

माझं तर तुम्हाला ठाऊकच आहे. माहेर कराडचं, सासर चिपळूणचं आणि मध्ये कुंभार्ली घाट. लग्न होऊन इकडे येताना हेळवाक सोडलं आणि मी गप्प झाले. डोळे मिटलेले, चेहरा उतरलेला, पदर तोंडाला. सासरच्या बायकांत कुजबुज, पोरगी किती हळवी आहे, माहेर सुटल्याचं किती लागलंय बघा! लागली होती ती गाडी. पोफळी आल्यावर मी जे खिडकीबाहेर डोकं काढलं, तेव्हा सगळ्यांना उलगडा झाला.

तेव्हापासून जगातले सगळे उपाय माझ्यावर झालेत. लिंबू हुंगून झालं, लवंग दाढेत धरून झाली, आवळासुपारी, आलेपाक, आमसूल, सगळं झालं. आमच्या आजी लुगड्याच्या आत पोटावर वर्तमानपत्राची घडी बांधायला लावायच्या. आमचे हे म्हणतात, पोटाला बांधलेला पेपर वाचता येत नाही, एवढाच त्यात गुण. त्यांनी आपली थट्टा केली, पण बोलले ते शंभर टक्के खरं. आमची भाची सांगलीला कान-नाक-घशाची डॉक्टर आहे ना, तिनं हेच सांगितलं. म्हणाली, मावशी, चालत्या गाडीत वाचायचं नाही, मोबाइल तर मुळीच बघायचा नाही. हे दुखणं पोटाचं नाहीच, कानाचं आहे.

हो, कानाचं! मी पण अशीच बघत राहिले होते. कानाच्या आत खोल तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात म्हणे, त्यांत पाणी असतं. आपलं डोकं वळलं की ते पाणी हलतं आणि मेंदूला खबर जाते, वळलो. आता बस घाटात वळतेय आणि आपण मान खाली घालून व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुविचार वाचतोय. कान सांगतात वळलो, डोळे सांगतात जागच्या जागी आहोत. मेंदूला कळेना कुणाचं खरं मानायचं, आणि त्या दोघांच्या भांडणात बळी जातो पोटाचा. ज्यांचा आतला कानच निकामी असतो त्यांना गाडी लागत नाही. ड्रायव्हरलाही सहसा लागत नाही, कारण वळण कधी येणार ते त्याला आधीच ठाऊक, त्याची मान आधीच तयार. म्हणून तर पुढे बसायचं, डोकं सीटला टेकून ठेवायचं आणि लांबच्या रस्त्याकडे नाहीतर समोरच्या डोंगराच्या कडेकडे नजर लावायची. सगळ्यांत वाईट ती शेवटची सीट. मागच्या चाकांच्याही पलीकडे असते, वळणावर तिथे बसलेला माणूस पुढच्यांपेक्षा जास्त झोके खातो.

मग ही पुढची सीट मिळवायची कशी? खरं रामायण इथेच आहे.

टूरवाल्यांचं रोटेशन असतं. आज पुढे बसलेले उद्या दोन ओळी मागे. नियम म्हणून चांगलाच आहे, नाहीतर पुढच्या काचेसाठी माणसं एकमेकांच्या झिंज्या उपटतील. पण ज्याला गाडी लागते त्याला हा नियम लावून कसं चालेल? आमचा टूर लीडर म्हणजे कोवळा पोरगा हो, नुकती मिसरूड फुटलेली. त्याला मी चंदीगडलाच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, हो काकू, करतो काकू. पण बोरिवलीकर बाईंपुढे त्याचं काही चालेना. ग्रुपमध्ये नावं कुणाला लक्षात राहतात? आम्ही आपले गावावरून ओळखायचो, बोरिवलीकर, नाशिककर, साताऱ्याचे गुरुजी, ठाण्याचे काका. तर या बोरिवलीकर बाई रोज सकाळी नाश्त्याच्याही आधी बसपाशी जायच्या, क्लीनरला गोड बोलून दार उघडायला लावायच्या आणि पुढच्या दोन्ही सीटवर आपली तांबडी शाल पसरून यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, माझे गुडघे दुखतात, मागे पाय पसरता येत नाहीत. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. त्यांची सून तर सासूच्या नजरेला नजर देत नव्हती.

चंदीगडहून काल्का आणि तिथून सिमल्याला आम्ही त्या छोट्या गाडीनं गेलो. तुमच्याही टूरमध्ये ती असेल तर चुकवू नका. १९०३ साली सुरू झालेली लाइन, शहाण्णव किलोमीटर, शंभरावर बोगदे, आणि २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत. मला वाटलं, रेल्वे म्हणजे मी सुटले. कसली सुटतेय! रूळ अरुंद आणि वळणं इतकी, की खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन बाजूला चालताना दिसतं. जाते मात्र हळू, पाच-साडेपाच तास लावते, म्हणून त्रास बेताचाच. फक्त ज्या दिशेला गाडी चाललीय तिकडे तोंड करून बसा. वाटेत बडोग येतं. त्याच्या आधीचा बोगदा या लाइनवरचा सगळ्यांत लांब, अकराशे त्रेचाळीस मीटरचा, आणि बोगदा संपताच स्टेशन. तिथे गाडी थोडी थांबते. सगळे कटलेटवर तुटून पडतात. मी फलाटावर उभी राहून गार वारा खाल्ला, मला तेवढं पुरलं.

सिमल्याचं मी फार सांगत नाही, ते तुम्ही बघालच. एवढंच, जाखूच्या हनुमानाला जाल तेव्हा भाऊंना चष्मा खिशात ठेवायला सांगा. तिथली माकडं चष्मा ओढून नेतात आणि खायला दिल्याशिवाय परत करत नाहीत. आमच्यातल्या एका साहेबांचा नेला. साहेब कुठल्याशा सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, त्यांचं प्रत्येक वाक्य ‘आम्ही स्वित्झर्लंडला गेलो होतो तेव्हा’ इथून सुरू व्हायचं. त्या दिवशी तेवढं ते वाक्य काही ऐकू आलं नाही.

तर सिमल्याहून मनालीला निघायचा दिवस. अंतर अडीचशे किलोमीटर, सबंध दिवस त्यात जातो. आता चौपदरी रस्ता आणि बोगदे झाल्यापासून पुढचा टप्पा पुष्कळ सुखाचा झालाय म्हणतात, पण सिमला उतरून खाली येईस्तोवर वळणावर वळण, कुंभार्लीनं हात जोडावेत असं. मी बसपाशी गेले तर पुढे तांबडी शाल. लीडर माझ्याकडे केविलवाणा बघतोय. आमचे हे म्हणाले, जाऊ दे, बस मागे, डोळे मिटून घे. पण वहिनी, डोळे माझे आणि पोटही माझं, ह्यांना जाऊ दे म्हणायला काय जातंय! मी सरळ बाईंसमोर जाऊन उभी राहिले. आवाज चढवला नाही हं. म्हटलं, ताई, तुमच्या गुडघ्यांचं मला मान्य आहे. तुम्ही बसा पुढे. मी तुमच्या बरोब्बर मागे बसते. मला घाटात उलटी होते, कधी होईल ते सांगता येत नाही आणि एवढ्या घाईत माझ्यानं पिशवी उघडली जाईलच असं नाही. तुमचा अंबाडा तेवढा जपा.

सगळी बस हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी शाल उचलली, पण उठल्या मात्र नाहीत. एक सीट मोकळी केली आणि हळूच म्हणाल्या, बसा. आणि बस निघाल्यावर पंधरा मिनिटांत माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, अहो, गुडघ्यांचं निमित्त होतं, मलाही लागते गाडी. सुनेसमोर कसं सांगायचं? तिला लग्नापासून सांगत आलेय की आमच्या घरात कुणाला असली नाटकं नाहीत.

बघा! बाईंना मनातल्या मनात मी इतकी नावं ठेवली होती आणि ती बिचारी माझ्याच दुखण्याची. नंतर कळलं, सुनेलाही गाडी लागायची. ती मागे बसून गुपचूप चिंच चघळत होती, सासूबाई काय म्हणतील म्हणून. एका घरातल्या दोघी, दोघींना एकच दुखणं, आणि दोघी एकमेकींपासून लपवतायत. तिलाही आम्ही पुढच्या ओळीत आणलं आणि नवरे गेले मागे, त्यांना काही होत नाही. तसंही हा त्रास बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो. अर्धशिशीवाल्यांना तर आणखी. मुलांत म्हणाल तर दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा नाही, त्यापुढे बारा-तेराव्या वर्षापर्यंत जोर असतो, मग पुष्कळांचा ओसरतो. तुमचा नातू सात वर्षांचा ना? त्याला खिडकीतून बाहेर बघता येईल इतकं उंच बसवा, त्याच्या हातात मोबाइल देऊन गप्प बसवू नका.

साताऱ्याचे गुरुजी मात्र देवमाणूस. आमचे हे मला जरा चिडवायला लागले तर गुरुजी म्हणाले, साहेब, यात लाजायचं काय? नेल्सनसारख्या दर्यावर्दी सेनापतीला जन्मभर बोट लागायची. डार्विन ती एवढी मोठी समुद्रसफर करून आला, तो सगळा वेळ बेजार होता. आणि १९८४ साली आपले राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा तिथे त्यांनी योगासनं केली ती यासाठीच, की अंतराळवीरांना होणाऱ्या या मळमळीवर योगाचा काही उपयोग होतो का ते बघायला. अंतराळात निम्म्याहून जास्त जणांना पहिले दोन-तीन दिवस हा त्रास होतो. ह्यांनी त्यानंतर मला काही बोललं असेल तर शपथ.

आता उशीरवाल्यांचं ऐका. प्रत्येक टूरमध्ये एक जोडपं उशिरा यायचं कंत्राट घेऊन आलेलं असतं. टूरचा दिवस कसा, सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस हलणार. आमचं डोंबिवलीचं जोडपं पावणेनऊला हातात पिशव्या घेऊन हसत यायचं. मॉल रोडवर शाल राहिली होती, लक्कड बाजारात लाकडी काठी राहिली होती, काहीतरी राहिलेलंच. बाकीच्यांचा वेळ जातो म्हणून लोक चिडायचे. माझं चिडणं निराळं होतं. इकडे पाऊण तास गेला की ड्रायव्हर तो घाटात भरून काढतो. तीच वळणं तो वेगात घेतो, करकचून ब्रेक मारतो, आणि ह्यांच्या काठीची किंमत माझं पोट मोजतं. मी त्या मुलीला हे असंच सांगितलं. ती बिचारी चपापली, म्हणाली, काकू, असं काही असतं हे माहीतच नव्हतं. नवऱ्याला मात्र काही फरक नाही. मग गुरुजींनी तोडगा काढला, सगळ्यांत शेवटी येईल तो शेवटच्या सीटवर. रोटेशन वगैरे राहू द्या बाजूला. लीडरनं लगेच मान डोलावली, पोराला तेवढाच आधार मिळाला. दुसऱ्या दिवशी तो बाप्या बसपाशी ड्रायव्हरच्याही आधी हजर! एक दिवस शेपटाकडे बसून मणके मोजून आला होता ना.

नाशिककरांचं काय करायचं हे मात्र मला अजून नीट कळलेलं नाही. माणूस साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांची पिशवी! घाट सुरू झाला की पिशवीचं तोंड सुटायचं. आधी लसणीची शेव, मग पिकलेली केळी, मग हॉटेलातून रुमालात बांधून आणलेली उकडलेली अंडी. बंद काचा, हीटर चालू आणि तो वास. गाडी लागणाऱ्याला वासानं निम्मा आजार होतो. मी म्हटलं, भाऊसाहेब, गाडी थांबेल तेव्हा खाल का? तर म्हणाले, ताई, मधुमेह आहे, दर दोन तासांनी पोटात काही लागतं. आता यावर काय बोलणार? आमच्याकडे खाकऱ्याचा पुडा होता तो त्यांना दिला. खाकरा, कोरडी पोळी, टोस्ट, याला वास नाही आणि आपल्यालाही हेच लागतं. कारण वहिनी, उलटी होते म्हणून उपाशी निघायचं, हा आपल्या बायकांचा जुना हट्ट काही खरा नाही. रिकाम्या पोटी कडू पित्त येतं, ते जास्त वाईट. तडस लागेपर्यंत छोले-भटुरेही नकोत. थोडं, कोरडं, आणि घोट घोट पाणी. तर नाशिककर खाकऱ्यावर आले, पण अंडी काही सुटली नाहीत. शेवटी माझी खिडकी चार बोटं उघडी ठेवायची असं ठरलं. त्यावर मागच्या ओळीतली कानटोपी भांडायला उठली. थंडी वाजते म्हणे. हिमाचलला येऊन थंडी वाजते अशी तक्रार करणाऱ्या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

ठाण्याच्या काकांच्या अंताक्षरीचा मला आधी फार वैताग आला होता. डोकं ठणकतंय आणि ह्यांचं ‘म’वरून म्हणा, ‘म’वरून म्हणा. पण बोरिवलीकर बाईंनी आणि मी एकदा सूर लावला आणि काय सांगू, बिलासपूर कधी आलं ते कळलं नाही. भाचीला नंतर विचारलं तर म्हणाली, बरोबर आहे, गाताना श्वास लांब आणि एका लयीत चालतो, लक्षही पोटावरून उडतं. तेव्हा अंताक्षरीवाल्याला लांब ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपचे विनोद मोठ्यांदा लावणाऱ्याला ठेवा, तो आवाजही करतो आणि आपल्यालाही पडद्यात डोकं घालायला लावतो.

पिशव्यांचं तर सांगायचंच राहिलं. हिमाचलात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, दुकानात मागाल तर मिळणार नाही. घरून न्या. आपण दुधाच्या पिशव्या धुऊन, उलट्या करून दोरीवर वाळवतो ना, त्यातल्या एक लिटरच्या नेल्या मी, वरची कड सरळ कापून. नेण्याआधी एकेकीत पाणी भरून बघा, भोक आहे का. आत वर्तमानपत्राचा चुरगळलेला तुकडा घाला, म्हणजे हिंदकळत नाही. वर रबर. हातरुमाल, ओले टिश्यू आणि एक जास्तीचा पंचा हाताशी असू दे, वरच्या रॅकवर टाकलेल्या बॅगेत नव्हे. आणि काम झालं की ती हॉटेलवर नेऊन कचऱ्यात टाकायची. आमच्यातल्या एका महाशयांनी मंडीच्या पुढे ती खिडकीतून खाली दरीत भिरकावली. ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, मागे वळून एवढंच म्हणाला, ‘भाईसाब, नीचे भी लोग रहते हैं.’ आम्ही खाली बघितलं. दरी कसली, खाली दुसरं वळण होतं, त्याच्याखाली घरं, गच्चीवर मका वाळत घातलेला. महाशय मनालीपर्यंत खिडकीबाहेर बघेनात.

कुल्लूला आम्ही दोन तास अडकलो. आपला दसरा संपतो त्या दिवशी तिथला सुरू होतो आणि सात दिवस चालतो. ढालपूरच्या मैदानात खोऱ्यातल्या गावागावांचे देव पालख्यांतून येतात, रघुनाथाच्या भेटीला. स्वित्झर्लंडवाले साहेब घड्याळ बघून तडफडत होते. मी मात्र खुशीत. उभ्या बसमध्ये मला काही होत नाही. मी आणि बोरिवलीकरांनी खाली उतरून पालख्या बघितल्या, शिंगं-नगारे ऐकले. त्या मला म्हणाल्या, आपल्या अख्ख्या टूरमध्ये फुकट आणि न सांगता मिळालेलं एवढंच.

आता रोहतांगचं जरा लक्ष देऊन ऐका. मनाली साधारण सहा-पावणेसात हजार फुटांवर, आणि रोहतांग तेरा हजारांच्या वर. पन्नासेक किलोमीटरमध्ये एवढं चढायचं. वर पोचल्यावर साहेबांना एकदम उलटी झाली, डोकं धरून बसले. सगळे म्हणाले, गाडी लागली. मला जरा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण टूर लीडर पोरगा असला तरी या बाबतीत तयार होता. तो म्हणाला, गाडी थांबून अर्धा तास झाला, तरी डोकं दुखतंय, धाप लागतेय, तर ही गाडी नाही, विरळ हवा आहे. यावर लिंबू नाही, आलं नाही, आधी खाली उतरवायचं. तो त्यांना घेऊन दुसऱ्या गाडीनं लगेच खाली गेला. संध्याकाळी साहेब हॉटेलात वरणभात जेवत होते. तेव्हा लक्षात ठेवा, गाडीतून उतरून मोकळ्या हवेत बसलं की गाडी लागलेली हळूहळू उतरते. उंचीचा त्रास तसा उतरत नाही. भाऊंना रक्तदाब आहे, रोहतांगला जायचं की नाही ते आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या. नाही गेलात तरी बर्फ चुकत नाही. २०२० मध्ये अटल बोगदा झालाय, नऊ किलोमीटरचा, मनालीहून पंचवीस किलोमीटरवर त्याचं तोंड. आत शिरलं की पलीकडे लाहौल, सिस्सू. तीही उंची दहा हजार फुटांची आहेच, पण रोहतांगपेक्षा तीन हजारांनी कमी, आणि घाटाची वळणंही टळतात. मला विचाराल तर मला सिस्सूच जास्त आवडलं.

गोळीचं विचारताय ना? अ‍ॅव्होमीन. ती घाट लागल्यावर घ्यायची नाही, तोवर उशीर झालेला असतो, घेतलेली गोळी तशीच बाहेर येते. आदल्या रात्री झोपताना, नाहीतर निघायच्या तास-दोन तास आधी. झोप येते हं तिनं, तोंडही कोरडं पडतं. मी पंडोहचं धरण झोपेतच पार केलं, बियासचं पाणी ह्यांच्या मोबाइलमध्ये बघितलं. लोक ती दुसरी जिभेवर विरघळणारी गोळी पण खिशात ठेवतात. ती पोट बिघडून होणाऱ्या उलट्यांवर चांगली, गाडी लागण्यावर तिचा फारसा उपयोग नाही असं भाची म्हणते. आल्याचा म्हणाल तर मला गुण येतो, कुणाला येत नाही. आलेपाकानं नुकसान काही नाही, नाहीच उपयोग झाला तर नाशिककरांना देता येतो.

बोरिवलीकरांचा परवाच फोन आला होता. मे महिन्यात सून त्यांना घेऊन कोकणात येतेय, कुंभार्लीमार्गे. दोघी पुढे बसणार आहेत आणि मुलगा मागे.

तर तुम्ही दोन गोष्टी करा. टूरच्या ऑफिसात आजच फोन करून सांगा की मला आणि नातवाला गाडी लागते, घाटाच्या दिवशी पुढची सीट लागेल. तोंडी नको, बुकिंगवर लिहून घ्यायला सांगा, सातला बंद होतं त्यांचं ऑफिस. आणि भाऊंचे काचबिंदूचे थेंब चालू आहेत ना? मग त्यांना ती अ‍ॅव्होमीन डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, काचबिंदूवाल्यांना आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना ती चालेलच असं नाही.